उचललेल्या मजकुराचा प्रवास

घरांत एकच संगणक होता तोंपर्यंत ही अडचण कोणाच्या ध्यानांतही येत नव्हती. आज सामान्य सुशिक्षित कुटुंबांतही दोन-तीन मोबाइल, बैठकीच्या खोलींत एखादा संगणक आणि मुलांचा एखादा लॅपटॉप असतो. आणि जो मजकूर एका यंत्रावर डोळ्यांसमोर दिसत असतो, तोच नेमका दुसऱ्या यंत्रावर हवा असतो. रत्नागिरीच्या आंबा-बागायतदाराचें उदाहरण घेतलें तर ही अडचण चटकन् समजते. चैत्र-वैशाखांत मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांचे पत्ते मोबाइलवर येतात. पेट्यांवर चिकटवावयाच्या चिठ्ठ्या मात्र संगणकावर तयार होतात. मग एकानें मोबाइल हातांत धरून पत्ता मोठ्यानें वाचावा व दुसऱ्यानें तो टंकित करावा, असा प्रकार चालतो. पिनकोडाचे आंकडे सहा. त्यांतील पहिले तीन आंकडे टपालाची वर्गवारी कोणत्या जिल्ह्यांत व्हावयाची तें सांगतात. ऐकण्यांत वा लिहिण्यांत त्यांतील दोन आंकड्यांची अदलाबदल झाली, कीं पेटी भलत्याच गांवची वाट धरते. आणि पिकत आलेला हापूस ती चूक दुरुस्त होईपर्यंत थांबत नाहीं.

अशा वेळीं मजकूर पुन्हां लिहूं नये, तो जसाच्या तसा उचलून दुसरीकडे ठेवावा, हा सरळ विचार होय. एकाच यंत्रावर हें काम ‘कॉपी’ व ‘पेस्ट’ या दोन आज्ञांनीं रोज होत असतें. एका यंत्रावर उचललेलें दुसऱ्या यंत्रावर ठेवतां येईल काय, एवढाच प्रश्न उरतो. तें ठेवतां येतें, आणि त्यासाठीं फार मोठ्या खटाटोपाचीही जरूर नसते. परंतु तसें करतांना तो मजकूर कोणत्या वाटेनें जातो व त्या वाटेवर पहारा कोणाचा असतो, हें समजून घेतलें नाहीं, तर सोयीच्या जोडीनें धोकाही घरांत येतो. म्हणून हा सारा व्यवहार मुळापासून पाहणें इष्ट आहे.

‘कॉपी’ म्हटल्यावर मजकूर जातो कोठें? छापखान्यांत व वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत पूर्वीं हवा तो उतारा कात्रीनें कापून खळीनें दुसऱ्या कागदावर चिकटवीत. हीच रीत पडद्यावर आणण्याचें श्रेय प्रामुख्यानें लॅरी टेस्लर (१९४५–२०२०) या अमेरिकन संगणकतज्ज्ञाला देण्यांत येतें. कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीचें संशोधनकेंद्र होतें. तेथें टेस्लर व त्याचा सहकारी टिम मॉट यांनीं १९७४–७५ च्या सुमारास ‘जिप्सी’ नांवाचा लेखनाचा कार्यक्रम रचला. कापणें, उचलणें व चिकटविणें या क्रिया त्यांत आजच्या रूपांत दिसूं लागल्या. पुढें ॲपल कंपनीच्या १९८३ मधील ‘लिसा’ व १९८४ मधील ‘मॅकिंटॉश’ या संगणकांतून त्या सर्वसामान्य वापरांत आल्या.

उचललेला मजकूर तात्पुरता जेथें राहतो, त्या जागेस क्लिपबोर्ड म्हणतात. या जागेचीं तीन लक्षणें ध्यानांत घेण्यासारखीं आहेत. पहिलें हें कीं, तिच्यांत साधारणतः एकच वस्तु मावते. नवी आली कीं जुनी जाते. दुसरें हें कीं, ती जागा टिकाऊ नव्हे. यंत्र बंद केलें म्हणजे ती बहुधा रिकामी होते. तिसरें आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें मुख्य लक्षण हें कीं, ती त्या एका यंत्रापुरतीच असते. लिनक्स प्रणालींतील ‘एक्स’ नांवाच्या जुन्या व्यवस्थेंत तर ती खरीखुरी जागाही नसते. ज्या कार्यक्रमांतून मजकूर उचलला, तो कार्यक्रम ‘मजकूर माझ्याजवळ आहे’ एवढेंच जाहीर करतो आणि मागणारा आला म्हणजे हातोहात देतो. तेवढ्यांत तो कार्यक्रमच बंद केला, तर मागणाऱ्याच्या पदरीं कांहींच पडत नाहीं. उचललेला मजकूर अचानक नाहींसा झाला अशी तक्रार लिनक्स वापरणारे कधीं कधीं करतात, तिचें एक कारण हें आहे.

आतां या जागेंत हात घालण्याचें साधन पाहावयाचें. चित्रें व बटणें पडद्यावर येण्यापूर्वीं संगणकाशीं व्यवहार अक्षरांनीं होत असे: एका ओळींत आज्ञा लिहावी, एन्टर दाबावें, कीं यंत्रानें तें काम करावें. या रीतीला कमांड लाइन म्हणतात, आणि ती आजही प्रत्येक संगणकांत आहे. क्लिपबोर्डासाठीं प्रत्येक प्रणालीनें तेथें दोन आज्ञा ठेवल्या आहेत: एक क्लिपबोर्डांतील मजकूर बाहेर ओतणारी व एक बाहेरचा मजकूर आंत भरणारी. मॅकवर त्यांचीं नांवें ‘पीबीपेस्ट’ व ‘पीबीकॉपी’ अशीं आहेत. लिनक्सच्या जुन्या व्यवस्थेंत ‘एक्सक्लिप’ हा एकच कार्यक्रम दोन्ही कामें करतो. वेलँड या नव्या व्यवस्थेंत ‘डब्ल्यूएल-पेस्ट’ व ‘डब्ल्यूएल-कॉपी’ हीं साधनें वापरतात. विंडोजच्या पॉवरशेलमध्यें ‘गेट-क्लिपबोर्ड’ व ‘सेट-क्लिपबोर्ड’ या आज्ञा आहेत. अँड्रॉइड मोबाइलवरही ‘टर्मक्स’ हा कार्यक्रम व त्याची जोड-पुरवणी बसविली, तर अशाच आज्ञा मिळतात. यंत्रापुढें हीं सर्व नांवें अर्थात् रोमन लिपींतच लिहावयाचीं.

ही रीत जुनी असली तरी तिचें एक बळ बटणांत नाहीं: तिच्यांत आज्ञा एकमेकींना जोडतां येतात. डग्लस मॅक्इलरॉय यांच्या कल्पनेप्रमाणें युनिक्स प्रणालींत १९७३ सालीं ‘पाइप’ची सोय झाली. आज ती एका उभ्या रेघेनें दर्शवितात. रेघेच्या डावीकडील आज्ञेनें जें ओतावें, तें उजवीकडील आज्ञेनें घ्यावें, असा तिचा अर्थ. कोंकणांतील माणसाला ही कल्पना परकी वाटूं नये. पोफळीचें खोड चिरून केलेली पन्हळ झऱ्याखालीं लावली, कीं पाणी बागेकडे येऊं लागतें. तें केळीला जावयाचें कीं माडाला, याची पन्हळीला फिकीर नसते. एका टोंकाचें पाणी दुसऱ्या टोंकाला पोंचविणें एवढेंच तिचें काम.

ही पन्हळ मात्र एका यंत्राच्या कुंपणाच्या आंत असते. दोन यंत्रांमधील अंतर ओलांडावयास विश्वासू निरोप्या लागतो. असा निरोप्या १९९५ सालीं फिनलंडमध्यें जन्मास आला. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड टिपून घेण्याचा प्रकार घडला, तेव्हां तेथील ताटू इलोनेन यांनीं ‘एसएसएच’ ही पद्धति तयार केली. तिच्यांतून जाणारा प्रत्येक शब्द सांकेतिक रूपांत बंद होऊन जातो. वाटेंत कोणीं तो अडविला तरी वाचतां येत नाहीं. मॅकवर व बहुतेक लिनक्स संगणकांवर ही पद्धति हाताशीं असतेच, आणि २०१८ पासून विंडोजमध्येंही ती येऊं लागली आहे.

आतां लॅपटॉपवरचा मजकूर बैठकींतील संगणकावर न्यावयाचा आहे असें समजावें. लिहावयाची ओळ एकच. तिचे भाग चार. आरंभीं ‘ओता’ ही आपल्या यंत्राची आज्ञा. नंतर उभी रेघ. नंतर ‘एसएसएच’ हा शब्द व दुसऱ्या संगणकाचें नांव. आणि अखेरीस त्या दुसऱ्या संगणकानें पाळावयाची ‘भरा’ ही आज्ञा. एन्टर दाबतांच मजकूर निघतो, वाटेंत बंद पाकिटांत राहतो आणि पलीकडच्या क्लिपबोर्डांत उतरतो. उलट आणावयाचें असल्यास आधीं निरोप्याला पाठवून तिकडचा मजकूर ओतावयास सांगावें व तो आपल्या ‘भरा’ या आज्ञेच्या हवालीं करावा. रोज ही लांब ओळ लिहिण्याचा कंटाळा येत असेल, तर तिला दोन अक्षरांचें टोपणनांव देतां येतें. पलीकडे लिनक्स असेल तर एक दक्षता हवी: बाहेरून आलेल्या आज्ञेला कोणत्या पडद्याचा क्लिपबोर्ड, हें सांगावें लागतें, न सांगितल्यास ‘पडदा सापडत नाहीं’ अशा अर्थाचें उत्तर येतें. तो दोष मजकुराचा नसतो, पत्ता अपुरा दिल्याचा असतो.

मोबाइल व संगणक यांच्यामध्यें याहून सोपी सोयही आहे. ‘केडीई कनेक्ट’ या विनामूल्य कार्यक्रमांत घरच्या एकाच वाय-फायवरील दोन यंत्रें प्रथम एकमेकांस ओळख देतात, व दोन्हीकडून संमति मिळाल्यावर जोडलीं जातात. त्यानंतर एका बटणानें किंवा कमांड लाइनवरील एका आज्ञेनें क्लिपबोर्ड पाठवितां येतो. येथें पुष्कळांस एक कोडें पडतें: संगणकाचा मजकूर मोबाइलवर आपोआप येतो, परंतु मोबाइलवरचा मजकूर पाठवावयास मात्र स्वतः बटण दाबावें लागतें. याचें कारण असें कीं, २०१९ सालच्या अँड्रॉइड १० पासून पडद्यामागें चालणाऱ्या कार्यक्रमांना क्लिपबोर्ड वाचण्याची मनाई आहे. ही गैरसोय मुद्दाम ठेवलेली आहे, आणि ती हिताचीच आहे. यंत्रें बनविणाऱ्या कंपन्यांच्याही आपापल्या सोयी आहेत: ॲपलनें २०१६ सालीं व मायक्रोसॉफ्टनें २०१८ सालीं आपल्या प्रणालींत अनेक यंत्रांचा क्लिपबोर्ड एक करण्याची व्यवस्था आणली.

बटण न दाबतां दोन यंत्रांचे क्लिपबोर्ड सतत एकसारखे ठेवावयाचे झाल्यास प्रत्येक यंत्रावर एक पहारेकरी कार्यक्रम बसवावा लागतो. तो क्लिपबोर्डाकडे लक्ष ठेवतो व बदल दिसला कीं नवा मजकूर दुसरीकडे धाडतो. यांत एक गंमतीचा घोटाळा संभवतो. पहिल्यानें दुसऱ्यास मजकूर धाडला. दुसऱ्याच्या क्लिपबोर्डांत त्यामुळें बदल झाला. तो पाहून दुसऱ्यानें तोच मजकूर पहिल्यास परत धाडला. दोन कड्यांमध्यें घातलेली साद घुमत राहावी, तसा एकच पत्ता दोन यंत्रांमध्यें फेऱ्या घालीत राहतो. यावर उपाय असा योजतात कीं, प्रत्येक पहारेकऱ्यानें शेवटीं हातीं आलेल्या मजकुराचा एक लहान गणिती ठसा जवळ ठेवावा आणि क्लिपबोर्डांतील मजकूर त्याच ठशाचा असेल तर तो पुढें धाडूं नये. दोघांनीं एकाच क्षणीं निरनिराळा मजकूर उचलला तर काय, हा प्रश्न उरतोच. बहुतेक साधनें मागून आलेल्यास मान देतात व आधींचा मजकूर पुसला जातो. घरांत दोघेजण एकाच वेळीं काम करीत असतील तर आपोआप चालणारी जोडणी त्रासदायक कां होते, हें यावरून कळेल.

मराठी कुटुंबाच्या दृष्टीनें यापुढचा प्रश्न विशेष महत्त्वाचा: पाठविलेली देवनागरी अक्षरें पलीकडे देवनागरीच राहतील काय? देवनागरीला यंत्रांत बसविण्याच्या प्रश्नाशीं रत्नागिरीचें जुनें नातें आहे. १८५६ सालीं रत्नागिरींत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीं ‘केसरी’च्या छपाईसाठीं देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा प्रयत्न केला. पुढें १९२४ ते १९३७ या काळांत विनायक दामोदर सावरकर रत्नागिरींत स्थानबद्ध होते. त्यांनीं ‘अ’ च्याच बाराखडीनें सर्व स्वर लिहावे अशी लिपिसुधारणा पुरस्कारिली, आणि तिच्यांतही छपाई सुलभ करण्याचा हेतु होता. छापखान्यापुढें अडचण होती ती खिळ्यांच्या संख्येची. संगणकानें ती निराळ्या मार्गानें सोडविली आहे.

संगणक ‘रत्नागिरी’ या शब्दाचें चित्र पाठवीत नाहीं. र, त, पाय मोडण्याचें चिन्ह, न, काना, ग, पहिली वेलांटी, र, दुसरी वेलांटी, अशीं त्या शब्दाचीं नऊ चिन्हें तो मानतो. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळालेला आहे; त्यांतील प्रत्येक चिन्हाला ठराविक क्रमांक आहे. १९९२ सालीं केन टॉम्सन व रॉब पाइक यांनीं रचलेल्या ‘यूटीएफ-८’ या पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणून हा शब्द सत्तावीस बाइटांचा होतो. रोमन लिपींतील रत्नागिरीचीं अक्षरेंही नऊच, पण त्यांना नऊच बाइट पुरतात. ‘त्न’ हें जोडाक्षर वाटेनें कधींच जात नाहीं. जातात ते क्रमांक, आणि पलीकडचें यंत्र त्यांवरून तें जोडाक्षर पुन्हां घडवितें.

यावरून मजकूर बिघडण्याचीं दोन कारणें स्पष्ट होतात. ‘श्रीलिपि’, ‘कृतिदेव’ यांसारख्या संचांच्या ज्या जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी आकृति बसविल्या होत्या, त्यांत लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर गेला, कीं रोमन अक्षरांची अर्थहीन रास दिसते. तो आधीं युनिकोडमध्यें रूपांतरित केल्याखेरीज पाठवूं नये. दुसरें कारण असें कीं, मजकूर युनिकोडमध्येंच असतो, पण घेणारी खिडकी, विशेषतः विंडोजवरील जुन्या धर्तीची, त्याचे बाइट निराळ्या सारणीप्रमाणें वाचते. दोन्ही टोंकांना यूटीएफ-८ हीच सारणी ठरवून दिली म्हणजे हा दोष जातो. नवें साधन बसविल्यावर पहिल्यानें ‘रत्नागिरी’ हाच शब्द पाठवून पाहावा. ‘त्न’ जुळलेला व दोन्ही वेलांट्या जागच्या जागीं आल्या, तर पुढील पत्ते निःशंकपणें पाठवावे.

आतां धोक्याचा भाग. क्लिपबोर्डांत नेहमीं गिऱ्हाइकाचा पत्ताच असतो असें नाहीं. बँकेच्या खात्याचा क्रमांक, पासवर्ड, मोबाइलवर आलेला एकवेळचा संकेतांक, डॉक्टरांना लिहिलेली खासगी हकीकत, हें सर्व त्याच जागेंतून जातें. दुकानांतील किंवा कचेरींतील सामायिक संगणक घरच्या मोबाइलशीं आपोआप जोडलेला राहिला, तर घरीं उचललेला बँकेचा पासवर्ड त्याच क्षणीं तेथील माणसाच्या हाताखालीं जाऊन पडतो. आणि पाठविणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून कोणतेंही साधन घेण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न: मजकूर कोणत्या वाटेनें जातो? तो घरच्या वाय-फायच्या आंतच फिरतो, कीं दूरच्या एखाद्या सर्व्हरवर जाऊन परत येतो? रत्नागिरीसारख्या ठिकाणीं याला व्यावहारिक बाजूही आहे. पावसाळ्यांत वादळानें बाहेरची केबल तुटली, तर दूरच्या सर्व्हरवर विसंबणारें साधन बंद पडतें. घरांतल्या घरांत पोंचविणारें साधन वीज असेपर्यंत चालत राहतें.

दुसरा प्रश्न: कुलूप कोणाच्या हातीं आहे? मजकूर पाठविणाऱ्या यंत्रावर बंद होऊन घेणाऱ्या यंत्रावरच उघडत असेल, तर मधल्या माणसाला तो वाचतां येत नाहीं. मधला सर्व्हर तो उघडूं शकत असेल, तर त्या सर्व्हरच्या धन्यावर विश्वास टाकणें आलें. एसएसएचमध्यें किल्ली दोन्ही टोंकांनाच असते. परंतु पहिल्या भेटीच्या वेळीं पलीकडच्या यंत्राचा ठसा पडद्यावर दाखवून ‘हेंच काय तें यंत्र?’ असें विचारलें जातें. बहुतेक लोक न वाचतां होकार देतात. तो ठसा त्या यंत्रावरील ठशाशीं एकदां ताडून पाहण्यास मिनिटही लागत नाहीं, आणि सगळ्या सुरक्षिततेचा पाया तोच आहे.

तिसरा प्रश्न: मागें काय उरतें? विंडोजमध्यें इतिहास ठेवण्याची सोय चालू केली, तर शेवटच्या पंचवीस नोंदी राहतात. कांहीं साधनें स्वतःची नोंदवही ठेवतात. पासवर्ड सांभाळणारे चांगले कार्यक्रम उचललेल्या पासवर्डावर ‘हें गुप्त आहे’ अशी खूण करतात व थोड्या वेळानें तो पुसून टाकतात. पण दुसऱ्या यंत्रावर गेलेली नक्कल त्यांना पुसतां येत नाहीं, आणि प्रत्येक साधन ती खूण पाळतेंच असें नाहीं. आयफोनच्या प्रणालीनें २०२० पासून व अँड्रॉइडनें २०२१ पासून एखादा कार्यक्रम क्लिपबोर्ड वाचतो तेव्हां सूचना देण्यास आरंभ केला. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून कांहीं काळानें क्लिपबोर्ड आपोआप रिकामाही होतो. संगणकावर अशी आशा धरूं नये. काम संपल्यावर ‘भरा’ या आज्ञेला रिकामा मजकूर द्यावा, म्हणजे चालू नोंद जाते. इतिहास असल्यास तो निराळा पुसावा.

एक सावधगिरी कमांड लाइनच्या स्वभावामुळेंच घ्यावी लागते. परक्या ठिकाणाहून उचललेला मजकूर आज्ञेच्या खिडकींत सरळ चिकटविला आणि त्याच्या शेवटीं ओळ संपल्याची खूण असली, तर ती एन्टर दाबल्यासारखीच ठरून आज्ञा तत्काळ चालूं शकते. असा मजकूर आधीं साध्या लेखनाच्या खिडकींत चिकटवून वाचावा, मगच वापरावा.

या सर्व विवेचनांतून सामान्य कुटुंबानें घ्यावयाचा निर्णय अवघड नाहीं. पत्ते, हिशेब, पत्रांचे मसुदे यांसाठीं घरच्या वाय-फायवर चालणारें व बंद पाकिटांतून पाठविणारें साधन वापरावें. मजकूर आपोआप जाऊं न देतां हवा तेव्हां हातानें पाठवावा. सामायिक संगणकाशीं कायमची जोडणी ठेवूं नये. आणि पासवर्ड व संकेतांक ज्या यंत्रावर हवे असतील त्याच यंत्रावर उचलावे व तेथेंच वापरावे. इतकें पथ्य पाळलें, तर पिनकोडाचे सहा आंकडे मोबाइलवरून पेटीवरच्या चिठ्ठीपर्यंत न चुकतां पोंचतील, आणि बँकेचा पासवर्ड मात्र घराचा उंबरठा ओलांडणार नाहीं.